अकरावी प्रत

११ मार्च

मापाड्या,

वर नुसतं एवढंच लिहिलं आहे. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू कागद तिथल्या तिथे फाडला असतास, आणि ‘चिरंजीव’ लिहायचा हक्क मला उरलाय की नाही हे मला ठाऊक नाही. लहानपणी दाराची उंची, मांजराची शेपटी, आईचं नाक, जे दिसेल ते तू पट्टीने मोजत सुटायचास, म्हणून मी तुला हे नाव ठेवलं. तेवढं तरी माझं आहे, तेच वापरते.

तुझा पत्ता लॅबच्या भांडारवाल्याकडून काढला. आधी तो देईना. “मॅडम, पत्ता गोपनीय आहे,” म्हणाला आणि तोंड दाबून हसला. पंचवीस वर्षं या कंपनीत हाच शब्द मी सगळ्यांच्या तोंडावर फेकत आले. दोन दिवसांनी त्याने कागदाच्या कपट्यावर पत्ता लिहून आणून दिला. वाचून झाल्यावर कपटा नष्ट करा, असंही बजावलं. सगळे माझ्याकडूनच शिकलेत.

आई बरी आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. “त्याचं काम किती लांबलं गं?” म्हणून दिवसातून दोनदा विचारते. तू बाहेरगावी मोठ्या कामावर आहेस असं मी तिला सांगितलंय. इमारतीची लिफ्ट बंद आहे असंही सांगितलंय. लिफ्ट बंद नाही, दिवसभर चालते, आणि तिचा आवाज आपल्या भिंतीतून ऐकू येतो. “बंद आहे तर घरघरतेय कशाला?” “दुरुस्तीवाले तपासतायत.” पाच महिने तपासतायत. तेव्हापासून आई चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. आपल्या लिफ्टला आपल्याच कंपनीचा ब्रेक आहे, हे तू मला घरी जेवताना सांगितलं होतंस आणि मी म्हटलं होतं, जेवताना ऑफिस नको.

मुद्द्यावर येते. समितीची नोटीस मलाही आली. सुनावणी १७ एप्रिलला आहे. पेपरात छापून आलेला ब्रेकचा अहवाल कंपनीचा आहे की कुणी घरी बसून बनवलेला, एवढंच ते ठरवणार. बनावट ठरला तर तुझा चाचणीचा परवाना कायमचा रद्द होणार, हे नोटिशीतच लिहिलंय. तुला दुसरं काही येत नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. तुझ्या हातात मोजायला काही नसलं की तू कसा दिसतोस ते मी पाहिलंय. मला कंपनीतर्फे बोलावलंय, गोपनीय कागदांची जबाबदार अधिकारी म्हणून.

एक सांगून ठेवते, म्हणजे मनात काही राहायला नको. तुझं नाव साहेबांपर्यंत कसं पोचलं ते मला माहीत नाही. प्रती कोणाकोणाला दिल्या त्याची यादी त्यांच्याकडेही होती.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

ताई


१९ मार्च

मापाड्या,

उत्तर नाही. पत्र मिळालं असणार, कारण मी पोचपावतीचं पाठवलं होतं आणि पावतीवर तुझी सही आहे. सही तशीच आहे, शेवटच्या अक्षराखाली सरळ रेघ मारलेली. ती पावती मी दप्तरी न लावता घरी आणली. पंचवीस वर्षांतला माझा हा पहिला नियमभंग. फार मोठा नाही, पण सुरुवात आहे.

मी नक्की काय काम करते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. न सांगणं हेच तर काम. कंपनीचे कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून मी काय काय केलं, तुला गंमत वाटेल. फोन दारातल्या कप्प्यात ठेवायचे. झेरॉक्सच्या यंत्राला प्रत्येकाचा वेगळा क्रमांक, म्हणजे कोणी काय काढलं ते कळतं. संगणकांना पेनड्राइव्ह लावायची भोकं मी स्वतः उभी राहून गोंदाने बुजवून घेतली. पाच वाजता सगळ्यांची टेबलं तपासायची, वर एक कागद दिसता कामा नये. एकदा स्वागतकक्षातल्या बाईंची बाजारहाटाची यादी टेबलावर सापडली. मी तिच्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारून ती कुलपात टाकली. बाईंना दुकानात काही म्हणता काही आठवेना. सगळं ऑफिस आठवडाभर हसत होतं. तेव्हा मलाही फार मजा वाटली होती.

पण डोळ्यांत तेल घालून बसलं तरी नेणारा नेतोच. मग निदान कोणी नेला ते तरी कळावं, म्हणून मी एक युक्ती काढली. ब्रेकच्या अहवालाच्या अकरा प्रती निघाल्या. प्रत्येक प्रतीत मी एक आकडा वेगळा छापून घेतला. ब्रेकचा नाही, बिनकामाचा वाटावा असा आकडा शोधला. चाचणीच्या दिवशी खोलीचं तापमान किती होतं, तो. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. पहिल्या प्रतीत २१, दुसरीत २२, असं करत करत अकरावीत ३१. खरं तापमान होतं २४. कोणत्या प्रतीत कोणता आकडा याचा तक्ता मी हाताने लिहिला आणि माझ्या खणात ठेवला. तो एकच होता. मागच्या पत्रात यादी साहेबांकडेही होती असं लिहिलं, ती नुसती वाटपाची यादी. तक्ता फक्त माझ्याकडे होता.

खोलीत गारवा होता की उकाडा, त्याचं कोणाला काय पडलंय, असं मला वाटलं. मी कागद सांभाळते, वाचत नाही. तापमान तीसच्या वर गेलं की ती चाचणीच बाद धरतात, हे मला कुठून माहीत असणार? तुला विचारलं असतं तर तू अर्धा तास समजावत बसला असतास. तो अर्धा तास वाचवायला मी विचारलं नाही.

अकरावी प्रत लॅबची होती. लॅबची म्हणजे तुझी.

आईने आज खिडकीत बसून खालच्या माणसांची उन्हातल्या छत्र्यांवरून ओळख पटवली. सातपैकी पाच बरोबर आल्या. पाचच महिन्यांत तिला हा खेळ जमायला लागलाय याचं मला भारी वाईट वाटतं.

ताई


२ एप्रिल

मापाड्या,

याही पत्राची पावती आली, तीवरही सही आहे. म्हणजे तू घेतोस. उघडतोस की नाही ते पावतीवर लिहिलेलं नसतं.

आज खोटं बोलायचा कंटाळा आला आहे, म्हणून लिहायला बसले. तुला तो फोन आठवत असेल. प्रती वाटल्या त्याच दिवशी दुपारी तू माझ्या टेबलावर फोन केलास.

“ताई, तुझ्या लोकांनी शेवटच्या पानावर घोळ घातलाय. एकतीस छापलंय. चोवीस होतं, मी स्वतः मोजलंय.”

“असू दे. मी बघते.”

“असू दे काय? एकतीस असलं तर सगळी चाचणीच बाद! पान बदलून दे.”

“सांगितलं ना, बघते म्हणून. आता कामात आहे.”

कामात नव्हते. समोर चहा होता. मला एवढंच म्हणायचं होतं की त्या पानाला हात लावू नकोस. पाच शब्द. पण मग सापळा आहे हे तुला कळलं असतं, आणि सापळा कोणालाही सांगायचा नाही हा नियम मीच लिहिलेला. कोणालाही म्हणजे भावालाही, असा मी त्याचा अर्थ लावला. त्या वेळी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

चुकीचा आकडा तसाच ठेवून तुला झोप लागली नसती हे मला माहीत असायला हवं होतं. तुझ्या लॅबचा तो नियम तू नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला इतक्यांदा ऐकवलास की मला तोंडपाठ झाला. चुकलेला आकडा रबराने पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही आणि तारीख. आणि ज्याच्यावर रेघ नाही ते सगळं तपासून मान्य. तू एकतीसवर रेघ मारलीस, वर चोवीस लिहिलंस, सही केलीस, तारीख घातलीस. मग तीन वेळा साहेबांना जाऊन सांगितलंस की भरलेली लिफ्ट थांबताना पाचऐवजी एकोणीस सेंटिमीटर घसरते. तिन्ही वेळा त्यांनी तुला बसायलाही सांगितलं नाही. मग तू ती प्रत पेपरवाल्यांना नेऊन दिलीस. चोरून कागद नेणाऱ्याने त्यावर आपली सही करून नेल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. पेपरवाल्यांनी सही झाकून पान छापलं, रेघ आणि आकडे मात्र तसेच राहिले.

तो पेपर साहेबांच्या टेबलावर होता. त्यांनी मला बोलावलं. मी भिंग घेऊन गेले होते, ते पर्समधून काढायची गरजच पडली नाही. तुझा चार मी पाटीवर गिरवून घेतलाय.

“कितवी?” साहेबांनी विचारलं.

“अकरावी.”

“अकरावी कोणाची?”

इथे मला तक्ता बघावा लागेल असं म्हणता आलं असतं. तेवढ्यात तुला फोन करता आला असता. मी उभ्या उभ्या तुझं नाव सांगितलं.

“तुमचे बंधू ना?”

“हो.”

साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. महिन्याभराने सगळ्यांसमोर मला काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. या बाईंनी सख्ख्या भावालाही पाठीशी घातलं नाही, अशी माणसं कंपनीला हवीत, असं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ते घरी आणलं तर आईने विचारलं, हे कशाबद्दल गं? मी म्हटलं, वेळेवर हजर राहण्याबद्दल.

तर तुझं नाव मी दिलं. पहिल्या पत्रातलं ते वाक्य खोटं होतं.

आणखी एक. त्याच आठवड्यात साहेबांनी तिजोरीतली मूळ प्रत मागून घेतली. तासाभराने परत आली तेव्हा घसरणीचं पान नवं होतं. हाताला अजून कोमट लागत होतं. त्यावर एकोणीसच्या जागी चार होते. मी प्रत तिजोरीत ठेवली आणि ‘मूळ प्रत, जशीच्या तशी परत मिळाली’ अशी वहीत सही केली.

तेव्हापासून साहेबांची आणि इतर बड्या मंडळींची दालनं सहाव्या मजल्यावरून तळमजल्यावर आली आहेत. कारण काय, तर खाली उजेड चांगला येतो.

ताई


९ एप्रिल

मापाड्या,

कंपनीच्या वकिलांनी आज मला पढवायला बोलावलं होतं. चांगले गृहस्थ आहेत, मला खुर्ची पुढे सरकवून दिली. त्यांचं म्हणणं अगदी सोपं आहे. तिजोरीतल्या अहवालात तापमान चोवीस, स्वच्छ छापलेलं. पेपरातल्या पानावर एकतीस छापलेलं, आणि ते हाताने खोडून चोवीस केलेलं. म्हणजे कोणीतरी अहवाल बनवला, बनवताना एक आकडा चुकला, मग खऱ्याशी जुळवायला हाताने दुरुस्त केला. “फेरफार डोळ्यांना दिसतोय, वेगळा पुरावा कशाला?” मी खोटा आकडा छापला, तू खरा लिहिलास, आणि बनावट तू. वकिलांनी विचारलं, “समजलं ना?” तर मी मान हलवली. मानेला सवय झाली आहे.

एकतीस हा आकडा कंपनीनेच छापला होता हे दाखवणारी एकच गोष्ट होती, माझा तक्ता. बाकीच्या दहा प्रती मी त्या आठवड्यातच परत घेऊन फाडून टाकल्या. तुझी लॅबची वही सापडत नाही असं कंपनी म्हणते, आणि सापडत नाही म्हणजे काय ते तुला कळतं. तक्त्याबद्दल तुझ्या वकिलाने विचारणा केली तेव्हा मी उत्तर पाठवलं की चौकशी संपल्यावर तीस दिवसांनी असे कागद नष्ट करायचे असा नियम आहे, आणि त्यानुसार तो नष्ट झाला. नियम खरा आहे. मीच लिहिलाय.

तक्ता मी एकोणतिसाव्या दिवशी फाडला.

त्या दिवशी सकाळी तुझ्या वकिलाचं पत्र माझ्या टेबलावर आलं. मी ते उघडलं, वाचलं, पुन्हा घडी घालून पाकिटात सरकवलं. मग खण उघडला, तक्ता घेतला आणि यंत्रात घातला. एकच कागद, आवाजसुद्धा नीट झाला नाही. वकिलाच्या पत्रावर आवक शिक्का मी दोन दिवसांनी मारला. एकोणतीस अधिक दोन, म्हणजे तीस उलटून गेले, असा मनात हिशोब करून मारला. मला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांना तर तक्ता आहे हेही आठवत नसेल. मी का केलं ते मी रोज स्वतःला विचारते. तक्ता बाहेर आला तर कंपनी खरे कागद मुद्दाम खोटे छापते हे जगाला कळलं असतं, आणि ती युक्ती माझी होती. पंचवीस वर्षांत मी एवढी एकच हुशारी केली होती. तुझ्यापेक्षा मला ती जपावीशी वाटली. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

काल आई हट्टाला पेटली. “मला खाली ने, नाहीतर मी एकटी लिफ्टने जाते.” तिला धरून जिन्याने नेलं. खालपर्यंत बहात्तर पायऱ्या, प्रत्येक मजल्यावर बसत बसत पाऊण तास लागला. खाली ती दहा मिनिटं बाकावर बसली आणि म्हणाली, “चल वर, बघितलं सगळं.” वर चढताना तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. तिसऱ्या मजल्यावर दम खाताना म्हणाली, “तू मला लिफ्टने का नेत नाहीस ते मला कळतं गं. मला वेड्यात काढू नकोस. त्याने सांगितलं होतं तेव्हा मीही जेवायलाच बसले होते.” आणि मग, “बाकीच्यांना कोण सांगणार?” आमच्या शेजारून वरच्या मजल्यावरची बाई बाळाला घेऊन लिफ्टमध्ये शिरली. आम्ही दोघींनी तिच्याकडे बघून हसून मान हलवली.

सतराला मी खरं सांगणार आहे. तुला कळवावं म्हणून हे लिहिलं. त्याने काही भरून निघेल असं मी म्हणत नाही. मी तुझं नाव दिलं. तुझी बाजू राखणारा एकच कागद मी फाडला. तुझ्यासाठी आता मी कोणी नाही. तुझा नियम या पत्रालाच लाव. यातलं जे चूक असेल त्यावर रेघ मार, आणि कागद परत पाठव. बाकी काही लिहू नकोस.

ताई


१८ एप्रिल

मापाड्या,

तू तिथे होतास, तरी लिहिते. तू पुढच्या रांगेत बसला होतास, तुझा चेहरा मला दिसत नव्हता. केस मागून विरळ झालेत.

मी सगळं सांगितलं. सापळा, अकरा प्रती, तुझा फोन, कोमट पान, एकोणतिसावा दिवस. समितीवरच्या त्या म्हाताऱ्या बाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला एक क्षण वाटलं की जमलं. त्यांनी विचारलं, “तक्ता नाही, पण आकडे आठवतात का?” मी अकराही प्रतींचे आकडे धडाधड म्हटले.

मग कंपनीचे वकील उठले. त्यांना मी फितूर झाल्याचा राग आलेला दिसला नाही. उलट आवाज आणखी मऊ झाला.

“बाई, म्हणजे खऱ्या कागदात खोटे आकडे घालायचे, हे तुमचं काम होतं?”

“हो.”

“बघणाऱ्याला संशयही येऊ नये, इतक्या बेमालूमपणे?”

“हो.”

“आणि वकिलांच्या पत्रावर चुकीची तारीख घातलीत. तिजोरीच्या वहीत खोटी सही केलीत. हे सगळं तुम्ही आत्ताच सांगितलंत.”

“हो.”

“मग आज तुम्ही जे सांगताय त्यातलं खरं कुठलं, हे या तिघांनी कशावरून ठरवायचं?”

पंचवीस वर्षं मी माणसांवर विश्वास ठेवायचा नाही हेच शिकवत आले, आणि कागदाशिवाय काही खरं मानायचं नाही. मी त्या खुर्चीत असते तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. वकील पुढे म्हणाले, “साक्षीदार आरोपीची थोरली बहीण आहे, हे मी फक्त आठवण म्हणून सांगतो.” थोरली बहीण हा शब्द माझ्या बाजूने कोणी वापरेल असं मला वाटलं होतं.

मग तू उठलास. माझ्या खुर्चीजवळून गेलास, इतक्या जवळून की तुझ्या बाहीचा वारा लागला. मी “अरे” म्हटलं. तू थांबला नाहीस. जिन्याकडे वळलास, लिफ्टकडे नाही, एवढं मी पाहिलं.

निकाल दुपारीच लागला. अहवाल ‘विश्वासार्ह नाही’. परवाना रद्द. ब्रेक जिथे जिथे आहेत तिथे चालू राहतील. आज सकाळी कंपनीच्या दारात माझं ओळखपत्र चालेना. रखवालदार वरमला. “बाई, नियम आहे,” म्हणाला. मी त्याला म्हटलं, माहीत आहे रे, मीच लिहिलाय.

ताई


३० एप्रिल

आज तुझं पाकीट आलं. वर पत्ता तुझ्या हाताचा. मी ते तासभर टेबलावर तसंच ठेवलं. आई म्हणाली, “उघड की, चावणार आहे का?”

आत माझीच पाचही पत्रं. सगळी उघडलेली, वाचलेली, घड्या मोडून पुन्हा सरळ केलेली, तारखेप्रमाणे लावलेली. सोबत चिठ्ठी नाही. मी पहिल्यापासून एकेक ओळ बोट ठेवून पाहिली. तुझं नाव कसं गेलं ते मला माहीत नाही, त्या वाक्यावरसुद्धा रेघ नाही. ते मी तिसऱ्या पत्रात स्वतःच दुरुस्त केलं होतं म्हणून तू सोडून दिलंस असणार. तुझं काम चोख.

रेघ एकाच ठिकाणी आहे. चौथ्या पत्रात. ‘बहात्तर पायऱ्या’ यातल्या बहात्तरवर बारीक आडवी रेघ, वर ७१, बाजूला सही आणि २२ एप्रिल.

मी जिन्यात जाऊन मोजल्या. दोनदा. एकाहत्तर आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये एक पायरी कमी आहे. तू सात वर्षांचा असताना हे मला ओरडून सांगत होतास आणि मी तुला गप्प बसवलं होतं. वर आले तर आईने विचारलं, “काय लिहिलंय त्याने?” मी म्हटलं, पायऱ्या एकाहत्तर आहेत म्हणतो. आई हसली. कित्येक महिन्यांनी हसली. “बरोबर आहे त्याचं,” म्हणाली, आणि मग रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले नाही. मला चौथं पत्र पुरं वाचायचं होतं.

पायऱ्यांच्या खाली, त्याच पानावर, बारा ओळी आणखी आहेत. तुझी लेखणी तिथपर्यंत आली होती, उघडी होती, शाई होती. ‘मी तुझं नाव दिलं’ यावर रेघ नाही. ‘कागद मी फाडला’ यावर रेघ नाही. ती मी अपेक्षिलीही नव्हती, ते खरंच आहे. त्यापुढचं वाक्य मी एकाच आशेने लिहिलं होतं. तू ते खोडशील म्हणूनच लिहिलं होतं.

‘तुझ्यासाठी आता मी कोणी नाही.’

कागद खिडकीशी धरून पाहिला, उजेडात तिरपा करून पाहिला, भिंगाखाली धरला. रेघ मारून पुसल्याची खूणसुद्धा नाही. तू पुसत नाहीस, मला माहीत आहे. म्हणजे तपासून मान्य.

म्हणून खाली ‘ताई’ लिहीत नाही.